गोठ्यातली उल्का

डिसेंबरात आमच्या काकांच्या गोठ्यात दगड पडला ही गोष्ट गोव्यातल्या डिचोली तालुक्यात बहुतेकांनी अर्धीच ऐकलीय, म्हणजे उल्का पडली इथपर्यंत. पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही. मला अजून लग्नाकार्यात लोक विचारतात "त्या उल्केचं काय झालं गो?", आणि प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगायचं म्हणजे जेवण थंड होतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. आणि दुसरं म्हणजे असा दगड खरंच सापडला तर करायचं काय, कुठे जायचं, कोणाला विचारायचं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, विचारत विचारत कळत गेलं, ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

तर झालं असं. सकाळी काकी दूध काढायला गेली तर गोठ्याचं एक कौल फुटलेलं, तुकडे खाली पेंढ्यात, आणि त्यात मुठीहून थोडा मोठा काळा कुळकुळीत दगड. गाय शाबूत. आता नुसतं एवढंच असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, पण तारीख होती १४ डिसेंबर. आदल्या रात्री जेमिनिड्सचा उल्कावर्षाव, पेपरात आलेलं, वाड्यावरची पोरं गच्चीवर चटया टाकून बसलेली आणि त्यांनी मोठ्ठी एक पडताना पाहिलेली, "थेट काकांच्या घराच्या दिशेन". आवाजही झाला म्हणे. आवाज कसला तर शेजारच्या गावच्या जत्रेचं दारूकाम, पण सकाळपर्यंत तो उल्केचा झाला होता.

मी पणजीला नोकरी करते, शनिवारी घरी आले तोवर काकीने दगड स्वच्छ धुवून, पुसून, तुळशीकडे ठेवून हळद-कुंकू वाहिलेलं. आजूबाजूच्या बायका बघून गेलेल्या. काकांचा चुलत भाऊ सावंतवाडीहून फोनवर, दगड कोणाला दाखवू नका, ग्रॅमला हजारो रुपये मिळतात, त्याने व्हिडिओ बघितलाय. काकांचा स्वतःचा ट्रक होता खनिजाचा, २०१२ ला मायनिंग बंद पडलं तेव्हापासून त्यांचं आणि पैशाचं नातं जरा हळवं आहे, त्यामुळे ते त्या दिवसांत कॅल्क्युलेटर घेऊनच बसलेले असायचे.

पहिली टेस्ट अर्थातच लोहचुंबक. वाड्यावरच्या एका पोराने जुन्या स्पीकरमधला काढून आणला, दगडाला लावला, खट्‌कन चिकटला. झालं! सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी म्हटलं अरे बाबांनो इथे अंगणातली माती घेतली तरी चुंबकाला मिशा फुटतात, आपण डिचोलीत राहतो. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा सगळा पट्टा लोहखनिजाचा, चुंबक न लागणारा दगड शोधायचा तर समुद्राकडे जावं लागेल. इंटरनेटवरची प्रत्येक गाइड "आधी चुंबक लावून बघा" म्हणते कारण ती लिहिणारा डिचोलीत राहत नाही. आणि नंतर कळलं की उलट बाजूनेही ही टेस्ट फसवते. गुजरातेत बनासकांठ्यात दियोदरजवळ १७ ऑगस्ट २०२२ ला संध्याकाळी खरीखुरी उल्का पडली, एका घराच्या ओट्याची लादी फोडली, दुसऱ्या गावात कडुलिंबाच्या झाडावर आपटली, आणि तो दगड निघाला ऑब्राइट नावाच्या फार दुर्मिळ जातीचा, ज्यात धातूरूप लोखंड नावापुरतंच असतं. आमची पोरं तिथे असती तर स्पीकरचा चुंबक लावून, नीट चिकटत नाही म्हणून दगड गटारात टाकून मोकळी झाली असती.

अजून एक. चुंबक लावणं हेच मुळात बरं नाही असं पुढे एका बाईंनी सांगितलं. खऱ्या अशनीत, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केच्या दगडात, जुन्या चुंबकत्वाची नोंद असते, ती शास्त्रज्ञ वाचतात, आणि आपण जोरकस चुंबक फिरवला की ती पुसली जाते. धुणंही नको, हळद-कुंकू तर नकोच. सापडल्या जागी फोटो काढायचा, बाजूला पट्टी नाहीतर नाणं ठेवून, मग स्वच्छ पिशवीत किंवा अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या जागी. आमच्याकडे हे सगळं उलट क्रमाने झालं होतं.

मग काका म्हणाले सरकारी नोंद केलेली बरी. यात ते बरोबर होते, कारण भारतात पडलेल्या अशनी जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने सांभाळायच्या अशी पद्धत आहे, त्यांचा मोठा संग्रह कोलकात्याला आहे. राजस्थानात सांचोरला जून २०२० मध्ये लोखंडी उल्का पडली, २ किलो ७८८ ग्रॅमची, तीही आधी पोलिसांनीच ताब्यात घेतली होती. म्हणून आम्ही आउटपोस्टवर गेलो. हवालदार सज्जन माणूस, नीट ऐकून घेतलं, वही उघडली आणि विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?" काका म्हणाले तक्रार नाही, माहिती. "मग माहिती कशाबद्दल, चोरी, अपघात, मिळालेली वस्तू?" मिळालेली वस्तू ठरलं. "मालक कोण?" यावर काका वर बघायला लागले, हवालदारही वर बघायला लागला. शेवटी त्याने दोन ओळी लिहून घेतल्या आणि सल्ला दिला की आधी कोणा जाणकाराला दाखवा, खरा निघाला तर आम्ही आहोतच. मला हे पटलं. ज्या तालुक्यात काळे दगड टिप्परने वाहिले जायचे तिथे प्रत्येक काळा दगड पोलिसांनी सील करायचा तर त्यांना दुसरं काम करायलाच नको.

पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर वेधशाळा होती, असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमीवाले चालवायचे, लहानपणी शनीची कडी तिथेच पाहिलेली, तर पहिल्यांदा तिथे गेले. तिथल्या एकाने दगडाचा फोटो बघायच्या आधीच जेमिनिड्सचा मुद्दा निकालात काढला. हा वर्षाव फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कचऱ्याचा, कण वाळूएवढे नाहीतर खड्याएवढे, ते वरच जळून जातात. दरवर्षीच्या उल्कावर्षावातून दगड जमिनीपर्यंत आला अशी खात्रीची नोंद कुठेच नाही. दगड टाकणाऱ्या उल्का वेगळ्या, त्या कधीही येतात, दिवसासुद्धा, कॅलेंडर बघून येत नाहीत. शेजारी महाराष्ट्रात काटोलला २२ मे २०१२ ला आली ती भर दुपारी.

मी विचारलं, पण मग पेंढा का नाही जळला, गावात यावर दोन पक्ष पडलेत. काहीजण म्हणत होते गरम होता, काकीला चटका बसला (काकी म्हणते नाही बसला, पण तिला कोण विचारतो), आणि काहीजण म्हणत होते उल्का असती तर गोठा पेटला असता. तो हसला. म्हणाला दोन्ही पक्ष चूक. दगड वातावरणात शिरतो तो सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने, त्याच्यापुढची हवा तापते, बाहेरचा थर वितळून उडून जातो, पण हे सगळं काही सेकंदांचं काम, आतला दगड थंडच राहतो. मग खूप वर असतानाच वेग मरतो, उजेड विझतो, आणि उरलेला तुकडा काळोखातून साध्या दगडासारखा खाली पडत येतो, ताशी दोन-चारशे किलोमीटरने. म्हणजे डोळ्यासमोर थेट घरावर "पडताना पाहिली" हे बहुतेक वेळा खोटं असतं, जी दिसते ती बरीच लांब असते. पेंढा जळला नाही यावरून काही सिद्ध होत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही.

तिथेच मला कळलं की माणसाला उल्का लागल्याची सगळ्यात पक्की नोंद एकच सांगितली जाते, अमेरिकेत अलाबामात सिलाकॉगाला ३० नोव्हेंबर १९५४ ची. अॅन हॉजेस नावाची बाई दुपारी सोफ्यावर झोपलेली, दगड छप्पर फोडून आला, रेडिओवर आपटून तिच्या कमरेला लागला, मोठा काळानिळा डाग पडला पण ती वाचली. वेदर्सफिल्ड म्हणून कनेटिकटमधलं एक गाव आहे तिथे १९७१ ला एका घरावर दगड पडला आणि १९८२ ला त्याच गावात दुसऱ्या घरावर, आता याला काय म्हणायचं. आणि रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला जे झालं त्यात साधारण पंधराशे माणसं जखमी झाली ती दगडाने नाही, बहुतेक काचांनी. आकाशात लख्ख उजेड झाला, लोक बघायला खिडक्यांपाशी धावले, आणि धक्क्याची लाट पोचायला दीड-दोन मिनिटं लागली तेवढ्यात ते तिथेच उभे. म्हणजे असा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब पळायचं. हे मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, काकांनी विचारलं दगडाची किंमत सांगितली का.

मधल्या काळात घरच्या घरी दोन टेस्ट केल्या, त्या खरंच कामाच्या आहेत. एक म्हणजे रेघ. बाथरूमला लावतो त्या पांढऱ्या टाइलची मागची खरबरीत बाजू घ्यायची आणि दगड तिच्यावर जोराने ओढायचा. ताज्या अशनीची रेघ बहुतेक उमटत नाही, उमटलीच तर फिकट. मॅग्नेटाइट आणि हेमेटाइट ही दोन्ही लोखंडाची खनिजं, मॅग्नेटाइटची रेघ काळी येते. हेमेटाइटची लाल-तपकिरी. आमच्या दगडाची आली लालसर तपकिरी, काकीने वाहिलेलं कुंकू असेल म्हणून परत धुवून परत ओढली, परत तीच.

दुसरी टेस्ट वजनाची. आमच्या वाण्याकडे डिजिटल काटा आहे, दुपारी गिऱ्हाईक नसताना तो घेतला. दगड भरला १ किलो २४० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची बालदी ठेवून आकडा शून्य केला, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला लागणार नाही असा हातात धरला, काट्यावर आकडा आला २५५. हे दगडाचं आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. भागाकार केला तर घनता जवळजवळ ४.९. आता नेहमीच्या दगडी अशनी, ज्यांना काँड्राइट म्हणतात आणि पडणाऱ्यांत ज्या सगळ्यात जास्त असतात, त्यांची घनता ३.३ च्या आसपास, आणि लोखंडी अशनींची ७ ते ८. आमचा दगड दोघांच्या मधे लोंबकळत होता. आणि शुद्ध हेमेटाइट असतं ५.२ च्या जवळ.

वाण्याच्या दुकानात हे सगळं चाललेलं असताना शेजारचे मामा आले, ते पूर्वी एका खाणीच्या लॅबमध्ये सॅम्पलिंगला होते. त्यांनी दगड हातात घेतला, खालीवर तोलला, टाइलवरची रेघ बघितली आणि म्हणाले, "ग्रेड बरा आहे. बासष्ट-त्रेसष्ट येईल." एवढंच. आणि साखर घेऊन गेले. वाणी म्हणाला त्यांना सगळीकडे खनिजच दिसतं.

पण गावात एकदा उल्का ठरली की ठरली. मग कोणीतरी चंद्रपूर काढलं, २ एप्रिल २०२२ च्या रात्री सिंदेवाहीकडे आकाशातून धातूचं रिंगण आणि गोळा पडला होता तसं रॉकेटचं काही असेल. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते आणि रॉकेटचा तुकडा हा बनवलेली वस्तू दिसतो, जोड दिसतो, वळण दिसतं, हा तर सरळ दगड आहे. दुसऱ्याने सांगितलं भट्टीची मळी, म्हणजे लोखंड वितळवताना उरतो तो कचरा, असेल, आमोण्याकडे लोखंडाचे कारखाने आहेत, तिकडून कोणी आणून टाकली असेल. हे मात्र विचार करण्यासारखं होतं, कारण जगभर लोक उल्का म्हणून जे घेऊन येतात त्यात भट्टीची मळी खूप असते. पण मळीला बुडबुड्यांची भोकं असतात. आमचा दगड भरीव होता. अशनीतही भोकं जवळजवळ नसतातच, त्यामुळे आमच्याकडच्या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा, तुकडा कोणी उल्का म्हणून आणला तर तो दहा फुटांवरून नापास करता येतो.

शेवटी ओळखीतून भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडम मिळाल्या. चुंबक लावू नका म्हणणाऱ्या त्या याच. सर्व्हेचं कर्नाटक-गोव्याचं ऑफिस बेंगळुरूला आहे, तिकडे पाठवायच्या आधी आपण इथे काय करता येईल ते करू, नाहीतर त्यांच्याकडे टेबलावर दगडांचा डोंगर होतो, असं म्हणाल्या. भिंग घेऊन दगड खिडकीपाशी नेला आणि फुटलेला कोपरा बघितला. ताज्या अशनीवर वितळून झालेली काळी साल असते, मिलिमीटरभरसुद्धा नाही, जणू भाकरीचा पापुद्रा, आणि आतला दगड वेगळा, बहुधा राखाडी, त्यात बारीक गोल दाणे आणि धातूचे चमकते ठिपके. आमच्या दगडाला साल अशी नव्हतीच. बाहेरचा काळा चकचकीतपणा आत हळूहळू मिसळत गेलेला. मग त्यांनी बारीक सँडपेपरने कोपऱ्याची एक छोटी खिडकी घासली आणि मला भिंगातून बघायला दिलं. पट्टे. बारीक, समांतर, एक गडद एक फिकट, जसे आमच्याकडच्या खाणींच्या कापलेल्या डोंगरात दिसतात तसे.

मॅडम म्हणाल्या हे पट्टे समुद्राच्या तळाशी थर बसून होतात, अडीच अब्ज वर्षं वगैरे जुने, त्यातलं मॅग्नेटाइट काळाच्या ओघात बदलून हेमेटाइट होतं पण थोडं मूळचं उरतं, म्हणून रेघ लाल आणि तरी चुंबक चिकटतो. एका दगडात दोन्ही. मी विचारलं मग शंभर टक्के? त्या म्हणाल्या निकेल बघू, म्हणजे तुमच्या काकांची शांती होईल. अशनीतल्या लोखंडात निकेल असतंच, लोखंडी अशनीत तर साधारण पाच टक्क्यांच्या वर. एक्सआरएफची, म्हणजे क्ष-किरणांची, बंदूक येते हातात धरायची, ती एका ओळखीच्या लॅबमध्ये होती, दगडावर टेकवून घोडा दाबला की मिनिटभरात स्क्रीनवर मूलद्रव्यं. लोह ६३ टक्के, सिलिका, थोडं अॅल्युमिनियम, मँगनीजचा अंश. निकेल नाही.

मामांनी तराजूशिवाय सांगितलेला आकडा.

मॅडमनी जाता जाता एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्या प्रकरणात जास्त आवडली. खरं अवकाशातलं द्रव्य गोव्यात आहे, आणि रोज हाताळलं जातं, पण ते असं कौल फोडून आलेलं नाही. दोनापावलच्या एनआयओमधल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या तळाच्या गाळातून वैश्विक धुळीचे वितळून गोल झालेले कण वेचलेत, मिलिमीटरहून लहान, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून. अशी धूळ पृथ्वीवर सतत पडत असते, आपल्या कौलांवरही. तिकडे युरोपात हौशी लोक पन्हाळीतला गाळ चुंबकाने चाळून असे कण शोधतात. मी लगेच उत्साहाने विचारलं आपण करूया का, तर त्या म्हणाल्या तुमच्या डिचोलीत नको, तुमच्या पन्हाळीत चुंबक बुडवला तर पाव किलो खनिजच वर येईल.

घरी रिपोर्ट वाचून दाखवला. काका गप्प. मग एकदम म्हणाले, "ठीक आहे, खनिज तर खनिज, पण ते माझ्या गोठ्यात वरून आलं कसं? खाणीचा डंप काय उडतो?" आणि हे खरंच कोणी विचारलं नव्हतं, इतक्या भानगडीत कौल फुटलेल्या जागी वर चढून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. शिडी लावली, वाड्यावरचं पोरगं चढलं. वरून ओरडलं, "काका, वर अजून आहेत!"

पावसाळ्यात गोठा गळत होता म्हणून वर निळी ताडपत्री टाकली होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवले होते. जड हवेत म्हणून कोणीतरी मुद्दाम खनिजाचे निवडून आणलेले. ताडपत्री उन्हाने फाटून चिंध्या झालेली, एका बाजूने ओढलेली, आणि तिथे माकडांची घाण. माकडं आमच्याकडे कौलांवर रोजच असतात, नारळ संपले की कौलं काढून टाकतात. दगड घरंगळून खालच्या कौलावर आपटला असणार. आपटला एवढंच, ६३ टक्क्यांचा सव्वा किलो, मंगलोरी कौल किती सोसणार. दगड वर कोणी ठेवले होते यावर घरात अजून एकमत नाही. काका म्हणतात कौलं परतायला आलेल्या माणसाने. काकी काही म्हणत नाही पण काकांकडे बघते.

आउटपोस्टवर जाऊन सांगून आले, हवालदाराने वहीत त्याच दोन ओळींखाली काहीतरी लिहिलं. वाड्यावर मात्र फार फरक पडला नाही. बायका म्हणतात रिपोर्ट काय, रिपोर्ट काहीही येतो. सावंतवाडीवाल्याने माझा नंबर कोणा पार्टीला दिलाय, त्या माणसाचा अधूनमधून फोन येतो. गेल्या आठवड्यात परत आला, तेव्हा मी सगळं सांगितलं, रेघ लाल, पट्टे, निकेल नाही, ताडपत्री, माकड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, रिपोर्ट राहू दे. चुंबक लागतो की नाही?"

लागतो, म्हटलं.

"मग फोटो पाठवा."